बट नंबर एकतीस

पेटी ओरोसहून आली, शुक्रवारी, भर ओहोटीला.
सहा रायफली, सहाही ग्रीसमध्ये बुडालेल्या,
बरणीतल्या फोडींसारख्या.
खवणेकर हवालदार म्हणाले, तारी, ही तुझी.
आधी आहे ते तेल काढायचं, मग आपलं घालायचं.
कारखान्याचं तेल वाटेपुरतं असतं,
कामाचं नाही.

चौकीच्या मागच्या पडवीत गोणपाट अंथरलं.
वाटीत रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश,
चिंद्या, पुलथ्रूची दोरी.
आईनं डब्यासोबत खोबरेलाची बाटलीही दिली होती,
ती हवालदारांनी उचलून खिडकीत ठेवली:
हे केसाला. हिला लावलंस
तर थंडीत थिजेल, आणि उंदीर बट खातील.

मॅगझिन काढलं. बोल्ट मागे ओढला.
चेंबरमध्ये करंगळी घातली. रिकामं.
पुन्हा बघ.
पुन्हा बघितलं. रिकामं.
पण साहेब, नवीच आहे ना?
ती नवी आहे, म्हणाले, तूही नवी आहेस,
म्हणून तर दोनदा.

ब्रश फिरवताना हात आपोआप बाबांसारखा चालू लागला.
होडीच्या इंजिनाचं झाकण उघडून ते म्हणायचे,
तेल कमी झाला की मशीन पयली खोकता, मगे मरता.
मी दहा वर्षांची, पाना धरून उभी.
इथं भिंतीत खिळा ठोकावा
तर आठवड्यात खाली त्याची तांबडी लाळ.
वारा काही सोडत नाही,
कडी, कोयंडा, सायकलची घंटी,
शाळेच्या घंटेचा तर आवाजच खाल्ला त्यानं.

दोरीचं वजन नळीत सोडलं,
आडात कळशी सोडावी तसं, हात सैल ठेवून.
एका दमात ओढ. मध्येच थांबू नकोस.
पहिली चिंदी काळपट, दुसरी हळदीची,
पाचवी चहाच्या फडक्यासारखी.
आठवी जवळजवळ पांढरी.
जवळजवळ म्हणजे?
नववी.

आता बोल्टच्या जागी अंगठा धर,
नख उजेडाकडे, आणि पुढून आत बघ.
पुढून?
नऊ महिने मैदानावर एकच ऐकलं होतं,
नळीच्या तोंडापुढे कुणी यायचं नाही.
बोल्ट माझ्याच मांडीवर होता, फडक्यात गुंडाळलेला,
करंगळीनं दोनदा खात्री करून झालेली,
तरी मान खाली जाईना.
हवालदार काही बोलले नाहीत. विडीसुद्धा पेटवली नाही.

मग बघितलं.
शंखात असते तशी वळत गेलेली वाट,
चकचकीत, ओलसर,
आणि पार टोकाला गुलाबी उजेड:
माझं नख.
त्याच्या कडेला कालच्या पेडव्याचं एक खवलं
अजून चिकटलेलं.

तेल थेंबानं घालायचं. जास्त झालं तर वाळू धरते.
बोल्टच्या पाठीवर, खाचेत, स्प्रिंगला,
बोटानं पसरत, पुसत, पुन्हा पसरत.
इंजिनाला तेल घालतात ते चालावं म्हणून.
ही बहुतेक पडूनच राहील, खुंटीला, साखळीत,
माझी बदली होईपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे.
या किनाऱ्यावर
नुसतं पडून राहणंही फुकट मिळत नाही.

बोल्ट बसवला. पुढे ढकलला.
खोकली नाही.

संध्याकाळी बाबा रापणीवरून आले,
ताट घ्यायच्या आधी माझा हात धरून नाकाशी नेला.
खंयचा ह्या तेल?
सरकारी.
कशाचं ते त्यांनी विचारलं नाही.
माझा अंगठा आपल्या अंगठ्यावर घासला,
बराच वेळ,
मापारी तांदूळ बघतो तसा.
पातळ हा, म्हणाले. हयच्या वाऱ्याक दाट व्हया.

सकाळी रजिस्टर भरलं.
बट नंबर एकतीस. साफ केली. तेल दिलं.
शेऱ्याच्या रकान्यात थोडं थांबून लिहिलं:
तेल पातळ आहे.
खवणेकरांनी चष्मा वर केला,
हे कुणी सांगितलं, असं नुसतं बघितलं,
आणि सही केली.